वरची आळी, खालची आळी : सॉल्ट लेक सिटीत राहणं म्हणजे काय

मागच्या दिवाळीला कऱ्हाडहून मावशीने फराळ पाठवायचं ठरवलं आणि कुरियरच्या दुकानातूनच फोन लावला. "अगं, हा पोरगा विचारतोय रस्त्याचं नाव काय. मी म्हटलं, आकडा आहे. तो म्हणतो, आकडा घराचा असतो. मी म्हटलं, बाबा, दोन्ही आकडेच आहेत. आता तूच बोल." मी बोलले. पोराला किती कळलं देव जाणे, पण डबा आला तेव्हा खोक्यावर मराठीत लिहिलं होतं : 'गल्ली नं. १३०० (दक्षिण)'. मी आधी हसले. मग लक्षात आलं, की आमच्या पत्त्याचं याहून नेमकं भाषांतर होणार नाही.

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या, डोंगर-वाळवंटाच्या पट्ट्यातल्या या मध्यम शहराबद्दल गावाकडून प्रश्न येतात ते ठरलेले. पुण्यासारखं आहे का? थंडी किती? आपली माणसं आहेत का? उत्तरं देऊन होतात, पण शहर काही समजत नाही. कारण इथलं राहणं कळायला आधी इथली जमीन समजून घ्यावी लागते. तीच जरा उलगडून सांगते.

पत्त्यापासूनच सुरुवात करू. शाळेतला आलेख कागद आठवा. मध्ये आरंभबिंदू, आडवा अक्ष, उभा अक्ष. सॉल्ट लेक सिटी म्हणजे तो कागद जमिनीवर अंथरलाय. आरंभबिंदू आहे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या मुख्य मंदिराच्या आवाराचा आग्नेय कोपरा. तिथून एक चौक दक्षिणेला गेलात की '१०० साउथ' हा रस्ता, दोन चौकांवर '२०० साउथ'. तसंच पूर्वेला '१०० ईस्ट', '२०० ईस्ट'. त्यातला १०० ईस्ट म्हणजे स्टेट स्ट्रीट, असे थोडे अपवाद आहेत. बोलताना शेवटची दोन शून्यं गळतात. २१०० साउथला लोक 'ट्वेंटी-फर्स्ट साउथ' म्हणतात. '९०० ईस्ट आणि ९०० साउथ' हा चौक 'नाइन्थ अँड नाइन्थ' म्हणून ओळखला जातो. छोटी दुकानं, कॉफी, झाडं असलेला छान भाग. आकडा ऐकला की माणूस मनातल्या मनात हिशेब करतो : एक चौक म्हणजे रस्त्यासकट साधारण २४० मीटर, म्हणजे ही जागा मंदिरापासून दोन किलोमीटरच्या वर दक्षिणेला आणि तेवढीच पूर्वेला. नकाशा न उघडता. एकदा सवय झाली की दुसऱ्या शहरातली रस्त्यांची नावं उगाच पाठ करायला लावल्यासारखी वाटतात.

चौक एवढे मोठे का? २४ जुलै १८४७ ला मॉर्मनांचा पुढारी ब्रिगहम यंग आपल्या अनुयायांना घेऊन या खोऱ्यात उतरला. ही भूमी तेव्हा कागदोपत्री मेक्सिकोची होती, आणि खऱ्या अर्थाने युट, शोशोनी, गोशूट लोकांची. आलेल्यांनी काही दिवसांतच गाव आखलं. एकेक चौकोन १० एकरांचा आणि रस्ते १३२ फूट, म्हणजे ४० मीटर रुंद. बैल जुंपलेली गाडी मागे न घेता वळवता यावी म्हणून, असं सांगतात. बैल गेले, रुंदी राहिली. कोल्हापूर महापालिकेत २०११ ला साडेपाच लाख लोक होते. सॉल्ट लेक सिटीत २०२० च्या गणनेत दोन लाखांना जरा कमी. क्षेत्रफळ मात्र कोल्हापूरच्या चौपटीहून जास्त. आजूबाजूची लागून असलेली गावं धरली तर वस्ती बारा लाखांवर जाते. आता कल्पना करा की यात पायी चालायचंय. पलीकडच्या दुकानात जायला सिग्नल सुटल्यावर तुम्ही निघता आणि मध्यावर पोचेपर्यंत आकडे उलटे मोजायला लागतात. काही चौकांत खांबाला डबा असतो, त्यात केशरी झेंडे. एक हातात घ्यायचा, फडकवत रस्ता ओलांडायचा, पलीकडच्या डब्यात ठेवायचा. पहिल्यांदा मला वाटलं, कुठली तरी मिरवणूक आहे.

आरंभबिंदू मंदिर आहे ही गोष्ट नुसती भूमितीची नाही. इथला पंथ आपल्या लोकांना राहत्या जागेनुसार 'वॉर्डा'त वाटतो. नगरपालिकेचा नव्हे, प्रार्थनेचा वॉर्ड. तुम्ही पंथात नसलात तरी राहता त्यांच्या कुठल्या तरी वॉर्डाच्या हद्दीत, त्यामुळे सामान उतरवायला ओळखदेख नसलेली चार माणसं हजर होतात आणि दुसऱ्या दिवशी कुणी कुकीज आणून देतं. हे प्रेम आहे की प्रचार, असं नवीन आलेली मुलं विचारतात. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा प्रेमच. आणि नको असेल तिथे हसून 'नको' म्हटलं की विषय संपतो. रविवारी बरीच दुकानं बंद. पाच टक्क्यांहून कडक बिअर, वाइन आणि दारू सरकारी दुकानातच, आणि तेही रविवारी बंद. मात्र आता कौंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, या पंथाचे लोक निम्म्याहून कमी आहेत. २४ जुलैला राज्याची 'पायोनियर डे'ची सुट्टी असते, तेव्हा बाकीचे लोक शब्दाचा खेळ करून 'पाय अँड बिअर डे' साजरा करतात ('पाय' म्हणजे इथला भाजलेला गोड पदार्थ). असो, लोकांचा अंदाज सहा महिन्यांत येतो. जमिनीचा यायला मला तीन हिवाळे लागले.

जमीन अशी. एक मोठी परात समजा. पूर्वेला वॉसॅच डोंगररांग, अगदी शहराच्या अंगावर. तिची शिखरं कळसूबाईच्या दुपटीहून उंच. पश्चिमेला ओकर नावाची दुसरी रांग. दक्षिणेला ठेंगणे डोंगर. वायव्येला ग्रेट सॉल्ट लेक, म्हणजे ते प्रसिद्ध खारं सरोवर. परातीचा तळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,२९० मीटरवर; आपल्या पाचगणीएवढा. (पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून कुकरशिवाय तूरडाळीच्या वाटेला जाऊ नये.) दिशा कधीच चुकत नाही. आजोबा 'उगवतीला चार पावलं जा, मग मावळतीला वळ' असं सांगायचे, तसंच इथले लोक अजून बोलतात. डोंगर दिसला की ती उगवती, संपलं.

हिमयुगात ही परात काठोकाठ भरलेली होती. बॉनव्हिल नावाचं प्रचंड सरोवर होतं, आणि आजच्या खाऱ्या सरोवराच्या पातळीपेक्षा त्याचं पाणी जवळजवळ हजार फूट वर होतं. ते ओसरत गेलं तसे त्याचे काठ डोंगराच्या अंगावर पायऱ्यांसारखे उमटले. आजही उन्हं तिरपी झाली की त्या आडव्या रेघा स्पष्ट दिसतात. या पायऱ्यांना इथे 'बेंच' म्हणतात. "कुठे राहता?" "ईस्ट बेंचवर." आपल्या भाषेत ही वरची आळी. तळावर, रेल्वेचे रूळ आणि आय-१५ महामार्गाच्या पलीकडे, मावळतीला रोझ पार्क, पॉप्लर ग्रोव्ह, ग्लेनडेल. ती खालची आळी. फरक दोन-तीनशे मीटर उंचीचाही नाही. पण श्वास, पाणी, भूकंप, घराची किंमत, सगळं त्या फरकावर चालतं.

आधी श्वास.

पाचगणीच्या कड्यावरून हिवाळ्यातली सकाळ पाहिली असेल, तर अर्धं काम झालं. खाली कृष्णेचं खोरं धुक्याने दुधासारखं भरलेलं, वाई दिसत नाही, आणि वर तुम्ही स्वच्छ उन्हात चहा पिताय. एरवी पसरणीचा घाट चढताना हवा गार होत जाते. त्या सकाळी उलटं असतं : रात्री जमीन थंड झाली, तिला टेकलेली हवा थंड आणि जड झाली, घरंगळत खोऱ्यात जाऊन बसली, आणि वर राहिली ती ऊबदार हवा. जड खाली, हलकी वर, त्यामुळे ढवळणं बंद. भांड्यावर झाकण बसलं. वाईला ते झाकण दहा वाजेपर्यंत उडून जातं, कारण आपला सूर्य हिवाळ्यातही जमीन तापवतो.

इथे ते दहा-दहा दिवस उडत नाही. अक्षांश ४१ च्या जवळ, म्हणजे जानेवारीतला सूर्य क्षितिजावर लोळत जातो. जमिनीवर बर्फ, ते आलेलं ऊनही परत फेकतं. वाऱ्याला डोंगर आडवे. वर जास्त दाबाची हवा ठाण मांडून बसलेली. याला इथे सगळे 'इन्व्हर्जन' म्हणतात, पहिलीतली पोरंसुद्धा. झाकणाखाली बारा लाख लोकांच्या गाड्या, भट्ट्या आणि उत्तरेकडच्या तेल शुद्धीकरण कारखान्यांचा धूर साठत जातो.

आणि यात एक खोच आहे, ती समजली नाही तर उपायही समजत नाहीत. खोऱ्यात जी राखाडी धुळवट दिसते ती बहुतांश कुठल्या धुराड्यातून थेट आलेली नसते. गाड्यांतून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड आणि गोठे-शेतं वगैरेंतून येणारा अमोनिया थंड, बंद हवेत एकत्र येतात आणि अमोनियम नायट्रेटचे बारीक कण तयार होतात. म्हणजे धूर बाहेर पडताना दिसत नाही, खोऱ्यात शिजतो. म्हणूनच बोट दाखवायला एक काळं धुराडं सापडत नाही, आणि मग प्रत्येक जण दुसऱ्याच्या गाडीकडे पाहतो. अतिसूक्ष्म कणांचा चोवीस तासांचा सरकारी निकष घनमीटरला ३५ मायक्रोग्रॅम. वाईट आठवड्यात आकडा ५०-६० च्या घरात गेलेला आहे. अशा दिवसांत शेकोटीत लाकूड जाळायला बंदी, शाळेत मधली सुट्टी वर्गातच. दिल्ली सोसलेल्याला हे आकडे किरकोळ वाटतील. पण दिल्लीत वर पळून जाता येत नाही. इथे पाऊण तास गाडी हाकली की आल्टाच्या स्की-उतारावर निळंशार आकाश असतं, आणि खाली आपलं शहर मळक्या दुलईखाली. ते दृश्य पाहिल्यावर मला पहिल्यांदा वाटलं, की आपण पाण्याखाली राहत होतो. वर जायला गाडी लागते, रजा लागते, हेही तिथेच सुचलं.

बेंचवर झाकणाची जाडी कमी असते; कधी कधी तर वरची घरं झाकणाच्या बाहेरच. तळावर ती सगळ्यात जास्त, आणि महामार्गही तिथेच.

आता पाणी. शहरात वर्षाला जेमतेम ४०० मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतं. आपला माणदेश आठवा. जुलै-ऑगस्ट तर कोरडे ठाक, इतके की नागपूरसारखे पाण्याचे कूलर इथे मस्त चालतात. मग हिरवळ कुठून? डोंगरातून. आल्टाला वर्षाला सरासरी १२-१३ मीटर बर्फ पडतं. मिलिमीटर नव्हे, मीटर. हिवाळाभर ते साचतं, एप्रिल ते जूनमध्ये वितळत खाली येतं. म्हणजे आमचं कोयना धरण डोंगराच्या माथ्यावर, घन स्वरूपात असतं, आणि त्याला भिंत नाही. उन्हाळा लवकर आला तर दरवाजे आपोआप उघडतात. १९८३ च्या वसंतात तसंच झालं; बर्फ एकदम वितळलं आणि स्टेट स्ट्रीटच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या गोण्या रचून रस्त्याचीच नदी करावी लागली. आजही बिग आणि लिटल कॉटनवूड या घळ्यांत कुत्रं न्यायला मनाई आहे, कारण तेच ओढ्याचं पाणी आमच्या नळाला येतं. पाहुण्यांना हे खोटं वाटतं, पण अंमलदार खरोखर दंड करतो.

वापरून उरलेलं पाणी जातं खाऱ्या सरोवरात, आणि तिथेच थांबतं. लोणार पाहिलेल्याला समजावायची गरज नाही : पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही, फक्त वाफ होऊन उडतं, क्षार मागे राहतात. हे सरोवर मात्र मोठं आणि उथळ. सगळ्यात खोल जागासुद्धा दहा मीटरच्या आसपास. उथळ परातीत पाणी बोटभर कमी झालं तरी कड किती आत सरकते, तसं होतं. १९८० च्या दशकात ते इतकं फुगलं होतं, की पाणी पश्चिमेच्या वाळवंटात फेकायला राज्याने पंप बसवले. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याने नोंदीतली सगळ्यात खालची पातळी गाठली. २०२३ च्या विक्रमी बर्फाने जरा धुगधुगी आली, एवढंच.

पाणी गेलं कुठे? दुष्काळ, ऊन हे आहेच. पण सगळ्यात मोठा वाटा नद्यांतून वरच्या वरच उचलला जातो, आणि त्यातला बराचसा जनावरांच्या चाऱ्याला, अल्फाल्फाला, म्हणजे आपल्या लसूणघासाला. ऊस आणि पाणी हे भांडण ज्यांनी ऐकलंय, त्यांना इथली विधानसभेतली भाषणं ओळखीची वाटतील. शेतकऱ्याचा जुना हक्क, शहराचा हिशेब, आणि मध्ये कोरडा तळ. शहरवाल्यांचीही हिरवळीची हौस आहेच. आता फुटपाथ आणि रस्त्यामधल्या पट्टीतलं गवत काढलं तर पैसे मिळतात. आम्ही काढलं. शेजारच्या आजोबांनी दोन महिने बोलणं टाकलं होतं.

सरोवर आटलं तर कोणाचं बिघडतं? जगभरच्या कोळंबी-हॅचरींचं, कारण पिल्लांच्या खाद्यासाठी इथल्या बारीक खाऱ्या झिंग्यांची अंडी जातात. लाखो पक्ष्यांचं, जे वाटेत इथे उतरतात. आणि आमचं, कारण उघड्या पडलेल्या तळाच्या मातीत आर्सेनिक आहे. वारा सुटला की ती माती उठते आणि परातीतच फिरते.

जमिनीखालचं थोडक्यात. डोंगर जिथे एकदम उभा राहतो, तिथेच वॉसॅच भ्रंश आहे, जमीन जिथे सरकते आणि भूकंप होतो ती भेग. म्हणजे वरची आळी त्याच्या जवळजवळ डोक्यावर. खालची आळी जुन्या सरोवराच्या गाळावर, आणि ओला मऊ गाळ हादरल्यावर काय होतं ते वेगळं सांगायला नको. अठरा मार्च २०२० ला सकाळी सातच्या सुमाराला ५.७ चा धक्का बसला, करोनाच्या पहिल्या आठवड्यातच. मंदिराच्या शिखरावरच्या सोनेरी देवदूताच्या हातातली तुतारी खाली पडली. शास्त्रज्ञांचा २०१६ चा अंदाज सांगतो की पन्नास वर्षांत या पट्ट्यात सहा किंवा त्याहून मोठा भूकंप व्हायची शक्यता ५७ टक्के आहे. किल्लारीत माणसं भूकंपाने मेली त्यापेक्षा दगड-मातीच्या भिंतींखाली मेली. इथल्या जुन्या घरांच्या भिंती लाल विटांच्या, सुंदर, आणि आत लोखंडाची एक सळई नाही. कऱ्हाडच्या घरात आजी कोयनेच्या भूकंपाची, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट अजून तारखेने सांगायची, त्यामुळे मला हे वाचून झोप लागली नाही. इतरांना लागते.

तर प्रश्न येतो, जागा कुठे बघायची? नोकरीला आलेली मुलं हेच विचारतात, आणि इथे सगळे धागे एकत्र येतात. वर : हवा बरी, नजारा, चांगल्या शाळा, पायाखाली भ्रंश, किंमत आवाक्याबाहेर. खाली : स्वस्त, विमानतळ दहा मिनिटांवर, टोंगा-सामोआ-मेक्सिकोकडच्या लोकांची वस्ती आणि शहरातलं सगळ्यात चविष्ट जेवण, पण धूर जास्त, सरोवराची धूळ आधी, आणि मालगाडी रुळांवर थांबली की ताटकळत राहायचं. कोणी कुठे राहायचं हे वाऱ्याच्या आणि पाण्याच्या दिशेने ठरवणारी गावं आपण मराठी माणसांनी पाहिली आहेत. इथे तसं कुणी तोंडाने म्हणत नाही. घराची किंमत म्हणते.

दक्षिणेला साउथ जॉर्डनला गणपतीचं मंदिर आहे, म्हणून बरेचसे आपले लोक खोऱ्याच्या त्या टोकाला नव्या लाकडी घरांत राहतात, आणि तासभर पुढे स्पॅनिश फोर्कच्या कृष्णमंदिरात मार्चअखेर हजारो गोरी पोरं रंग खेळतात, ते एकदा पाहावंच.

आम्ही मधोमध, १३०० साउथला, ना वर ना खाली, भाड्याच्या विटांच्या घरात. हवेचा आकडा सकाळी चहाआधी बघतो. पुस्तकांची कपाटं लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला ठोकली आहेत. जड वस्तू खालच्या फळीवर ठेवायच्या हा इथला नियम, म्हणून मावशीच्या बेसनलाडवांचा पितळी डबा जमिनीलगत आहे. आणि आमच्या पाच वर्षांच्या चिरंजीवांना तो बरोबर हाताला लागतो.